प्राग: पायी आणि ट्रॅमने – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पहिल्यांदा प्रागला जाणाऱ्यांसाठी आहे. त्यातही ज्यांना बसगाडीच्या खिडकीतून दहा ठिकाणं उरकायची नाहीत, व्ल्तावा नदीच्या दोन्ही काठांवर स्वतःच्या पायांनी हिंडायचं आहे, त्यांच्यासाठी. सगळ्या उत्तरांमागे एकच हिशेब आहे: चढ ट्रॅमवर सोपवायचा आणि उतार आपण चालायचा. बहुतेक पर्यटक नेमकं उलटं करतात आणि दुपारी दोनलाच हॉटेलवर परततात.

शहराची रचना डोक्यात कशी बसवायची?

व्ल्तावा शहरातून ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि मग पूर्वेला वळते. उजव्या, म्हणजे पूर्वेच्या काठावर जुनं शहर (स्तारे म्येस्तो) आणि नवं शहर (नोवे म्येस्तो) आहे. हा भाग सपाट आहे. डाव्या काठावर माला स्त्राना, तिच्या डोक्यावर राजवाडा असलेली ह्राद्चानी टेकडी, शेजारी पेत्रशीन आणि उत्तरेला लेत्ना. हा सगळा चढाचा भाग. उजव्या काठाच्या दक्षिणेला विशेह्रादचा खडक मात्र थेट नदीतून वर आलेला आहे.

‘नवं शहर’ या नावावर जाऊ नका. ते १३४८ साली वसवलेलं आहे.

जवळजवळ सगळं पायी होतं म्हणतात, मग ट्रॅम कशाला?

अंतरं खरंच छोटी आहेत. जुन्या शहराच्या चौकातून चार्ल्स पूल सात-आठ मिनिटांवर आहे. त्रास अंतराचा नाही, दगडांचा आणि चढाचा आहे. जुन्या भागात रस्ते घडीव दगडांचे आणि पदपथ बोटभर चौकोनी तुकड्यांच्या नक्षीचे. कोरडे असताना देखणे दिसतात, पाऊस पडला की गुळगुळीत होतात. दिवसभर त्यांवर चालल्यावर तळवे आणि घोटे बोलायला लागतात. पुलाच्या टोकापासून नेरुदोव्हा रस्त्याने राजवाड्यापर्यंतचा चढ जेमतेम किलोमीटरभराचा, पण सलग आणि तिरका. ट्रॅम तोच चढ काही मिनिटांत संपवते.

बूट जाड, खोबणीदार तळव्याचे घ्या. टाच उंच असलेलं काहीही बॅगेतच राहील.

नक्की कोणत्या ट्रॅम लक्षात ठेवायच्या?

दिवसाच्या वीसेक मार्गांपैकी पर्यटकाला दोन पुरतात.

२२ क्रमांक: नव्या शहरातून येते, नारोद्नी दिवाद्लो (राष्ट्रीय नाट्यगृह) इथून लीजन पुलावरून नदी ओलांडते, ऊयेज्द, मालोस्त्रान्स्के नामेस्ती, मालोस्त्रान्स्का असे थांबे घेते आणि एका अरुंद, केसाच्या पिनेसारख्या वळणातून टेकडीवर चढते. वर क्रमाने क्रालोव्स्की लेतोह्रादेक, प्राझ्स्की ह्राद, ब्रुस्नित्से आणि पोहोर्झेलेत्स हे थांबे येतात. गर्दीच्या वेळी गाडी चार-पाच मिनिटांना येते.

१७ क्रमांक: उजव्या काठाला धरून जाते. विशेह्रादच्या खडकात १९०४ साली खोदलेल्या बोगद्यातून निघून वीतोन्य, नाचतं घर ही वळणदार आधुनिक इमारत (थांबा यिरास्कोवो नामेस्ती), नारोद्नी दिवाद्लो, चार्ल्स पुलाजवळचा कार्लोवी लाज्ने, मग स्तारोम्येस्त्स्का. उत्तरेकडे जाताना डावीकडची खिडकी पकडा, पूल, बेटं आणि पलीकडचा राजवाडा हे सगळं त्याच बाजूला दिसतं.

२३ क्रमांकाची गाडी मध्यवर्ती भागात बरीचशी २२ च्याच वाटेने जाते, पण तिच्यावर गोल चेहऱ्याच्या जुन्या ताट्रा टी-३ गाड्या धावतात आणि नेहमीचं तिकीट चालतं. ४१ आणि ४२ या खास जुन्या गाड्यांचं तिकीट मात्र वेगळं असतं. फक्त जुनी ट्रॅम अनुभवायची असेल तर २३ पुरेशी आहे.

तिकीट कसं काढायचं?

तिकीट अंतराचं नसतं, वेळेचं असतं: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास, ७२ तास. त्या वेळेत ट्रॅम, मेट्रो, बस कितीही बदला. तिकीट काढायच्या तीन वाटा आहेत.

पहिली, कागदी तिकीट. मेट्रो स्टेशनवरच्या मशीनमधून मिळतं. त्यावर वेळ नसते. गाडीत चढल्यावर (मेट्रोत सरकत्या जिन्याकडे जाण्याआधी) पिवळ्या पेटीत बाणाच्या दिशेने घालून शिक्का उमटवायचा.

दुसरी, ट्रॅममधलं संपर्करहित कार्डाचं मशीन. ते सहसा मधल्या दाराजवळ असतं, फक्त कार्ड घेतं, नाणी नाही. यातून निघालेलं तिकीट त्या क्षणापासून चालू झालेलंच असतं, त्यावर पुन्हा शिक्का मारायचा नाही.

तिसरी, ‘पीआयडी लीताच्का’ हे ॲप. तिकीट विकत घेणं आणि ते सुरू करणं या यात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सुरू केल्यावर ते लगेच वैध होत नाही, मधे थोडा वेळ मोजला जातो. म्हणून थांब्यावर उभं असतानाच सुरू करा, तपासनीस दिसल्यावर नव्हे. तसं करणारे त्यांना चांगले ओळखू येतात.

ट्रॅमचा चालक तिकीट विकत नाही.

माझं भारतीय कार्ड मशीनमध्ये चालत नाही. का?

बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार आपली कार्डं मुळात फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात. परदेशी व्यवहार आणि संपर्करहित पैसे देणं हे दोन्ही पर्याय बँकेच्या ॲपमध्ये वेगवेगळे चालू करावे लागतात. लोक पहिला करतात, दुसरा विसरतात. घरून निघण्याआधीच दोन्ही चालू करा, मर्यादा ठरवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डाचं एक जादा कार्ड वेगळ्या खिशात ठेवा.

लोक दंडात कसे अडकतात?

तिकीट न काढल्यामुळे कमी, काढूनही चुकल्यामुळे जास्त. नेहमीच्या चुका अशा:

शिक्काच मारला नाही. खिशातलं कोरं तिकीट म्हणजे तिकीट नसणं.

गाडी बदलल्यावर दुसऱ्यांदा शिक्का मारला. आपल्याला वाटतं प्रामाणिकपणा केला. प्रत्यक्षात वेळ वाचता येत नाही आणि तिकीट बाद होतं. शिक्का एकदाच.

३० मिनिटांचं तिकीट घेऊन प्रवास बत्तिसाव्या मिनिटाला संपवला. वेळ संपायच्या आत उतरलेलं असायला हवं, चढलेलं नव्हे. दुपारी माला स्त्रानात ट्रॅम अडकते, तेव्हा थोडी सूट धरूनच तिकीट निवडा.

तपासनीस साध्या वेशात येतो आणि बिल्ला दाखवतो. दंड तिकिटाच्या कितीतरी पट असतो. रोख दिला तर पावती घ्याच. १५ वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही, पण वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो. पासपोर्टची छायाप्रत जवळ असू द्या.

किती तासांचं तिकीट घ्यावं?

दिवसभरात दोन-तीन वेळाच गाडीत बसणार असाल तर सुटी तिकिटं. चार-पाचदा चढ-उतार होणार असेल तर २४ तासांचं. हे तास शिक्क्यापासून मोजतात, मध्यरात्रीपासून नाही. दुपारी तीनला शिक्का मारला तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत चालतं, म्हणजे एका तिकिटात दोन अर्धे दिवस आणि एक संध्याकाळ. हे लक्षात आलं की बेत बदलतो.

राजवाड्याला नेमकं कुठे उतरायचं?

इथे तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर.

‘प्राझ्स्की ह्राद’ थांबा सर्वांत जवळचा. रस्ता ओलांडून खंदकावरचा पूल घेतला की पाचेक मिनिटांत, जवळपास सपाट वाटेने दुसऱ्या अंगणात पोहोचता. गुडघेदुखी असलेल्यांनी हाच धरावा.

‘क्रालोव्स्की लेतोह्रादेक’ला उतरलात तर राजाच्या बागेतून जाता येतं. बाग एप्रिल ते ऑक्टोबर उघडी असते.

‘पोहोर्झेलेत्स’ हा आमचा कौल. थांबा राजवाड्यापेक्षा उंचावर आहे. आधी स्त्राहोव मठापाशी जाऊन खालचं लाल छपरांचं शहर बघा, मग लोरेटा हे तीर्थमंदिर, ह्राद्चानीचा चौक असं हळूहळू उतरत मुख्य दारापाशी या. बाहेर पडताना पूर्वेच्या दाराने जुन्या पायऱ्या उतरा, त्या थेट मालोस्त्रान्स्का थांब्याजवळ सोडतात. दिवसभरात चढ एकही लागत नाही.

अंगणांत फिरायला पैसे पडत नाहीत. सेंट विटस कॅथीड्रलचा मुख्य भाग, जुना राजवाडा, सोनारांची गल्ली यांना तिकीट आहे. आत शिरताना सुरक्षा तपासणी असू शकते, दुपारी बाराच्या पहारेबदलीच्या सुमाराला रांग सर्वांत लांब. कॅथीड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला २८७ पायऱ्या आहेत आणि जिना चक्राकार, अरुंद. वरून येणाऱ्याला वाट द्यावी लागते. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी पोहोर्झेलेत्सच्या दृश्यावर समाधान मानावं.

‘मालोस्त्रान्स्का’ आणि ‘मालोस्त्रान्स्के नामेस्ती’ एकच ना?

नाही, आणि या एका प्रत्ययाने लोकांचा अर्धा तास जातो. ‘नामेस्ती’ म्हणजे चौक. मालोस्त्रान्स्के नामेस्ती म्हणजे सेंट निकोलस चर्चचा चौक, इथून चार्ल्स पूल जवळ. मालोस्त्रान्स्का हे मेट्रोचं स्टेशन, त्याच्या पुढचा थांबा. दोहोंच्या मधे लेतेन्स्का गल्ली इतकी चिंचोळी आहे की दोन्ही दिशांचे रूळ एकमेकांत गुंफलेले आहेत. एक गाडी आत असेल तर समोरची थांबते. गाडी तिथे उगाच उभी राहिली असं वाटलं तर कारण हे.

तसंच नारोद्नी दिवाद्लो (नाट्यगृह, नदीकाठी) आणि नारोद्नी त्रशीदा (रस्ता, मेट्रोजवळ) वेगळे. गाडीतल्या ध्वनिघोषणेत आधी आताचा थांबा आणि मग ‘प्रशीश्ती झास्ताव्का’ म्हणजे पुढचा थांबा सांगतात. दुसरं नाव ऐकून घाईने उतरू नका.

रस्ता ओलांडताना काय वेगळं आहे?

हे मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. झेब्रा पट्ट्यांवर मोटार तुमच्यासाठी थांबते, ट्रॅम थांबत नाही. कायद्यानेच पादचाऱ्याला ट्रॅमपुढे अग्रक्रम नाही. तीस मीटर लांबीची गाडी चटकन थांबूही शकत नाही. आणि रूळ बरेचदा रस्त्याच्या मधोमध असल्याने धोका दोन्हीकडून येतो. एक ट्रॅम गेली म्हणून पाऊल टाकलं आणि तिच्या आड दुसरी निघाली, असे अपघात होतात. आपल्याकडे हात दाखवून वाहन थांबवायची सवय असते, ती इथे कामाची नाही. कानात काही घालून रूळ ओलांडू नका.

काही थांब्यांना वेगळा फलाटच नसतो. तिथे ट्रॅम आल्यावर मोटारी थांबतात आणि लोक थेट रस्त्यावरून चढतात. गाडी येईपर्यंत पदपथावरच थांबायचं.

दार उघडत नाही, काय करू?

दाराजवळचं बटण दाबा. बाहेरून चढतानाही. दार आपोआप उघडेल या आशेवर उभे राहिलेले परदेशी आणि निघून जाणारी गाडी, हे दृश्य रोजचं आहे. टी-३ गाड्यांना चढायला उंच पायऱ्या आहेत. नव्या १५-टी गाड्या खालच्या तळाच्या आहेत. वेळापत्रकात व्हीलचेअरचं चिन्ह असलेल्या फेरीला खालच्या तळाची गाडी येते. गाडीवर ‘स्कोडा’ वाचून चाकणची आठवण झाली तर हरकत नाही, पण ट्रॅम बनवणारी पिल्झेनची कंपनी आणि मोटारींची कंपनी आज वेगळ्या आहेत.

थांब्यावरच्या पिवळ्या कागदाचा अर्थ काय?

त्यावर ‘वीलुका’ असा शब्द असेल तर काळजीपूर्वक बघा. रूळ दुरुस्तीमुळे मार्ग बदलला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्थानिक लोक बाहेरगावी जातात, म्हणून रुळांची कामं तेव्हाच काढतात. नेमके तेव्हाच पर्यटक येतात. अशा वेळी छापील नकाशे, मागच्या वर्षीची प्रवासवर्णनं आणि हे पानसुद्धा फसवू शकतं. ॲपमध्ये त्या दिवसाची तारीख घालून मार्ग शोधा आणि गाडीच्या कपाळावरचा शेवटच्या थांब्याचा फलक वाचा. नंबर तोच असला तरी वाट वेगळी असते.

चार्ल्स पुलावर गर्दीशिवाय कधी जाता येईल?

पहाटे. दुसरं उत्तर नाही. जूनमध्ये पाच वाजता उजाडलेलं असतं आणि ट्रॅम साडेचारपासून धावतात. डिसेंबरात उजाडायला आठ होतात, तेव्हा साडेसातला गेलात तरी पुरे.

पूल ५१६ मीटर लांब, १६ कमानींचा, कठड्यांवर ३० मूर्तिगट. बऱ्याच मूर्ती आता प्रतिकृती आहेत, मूळ संग्रहालयात नेल्या आहेत. पायाभरणी १३५७ सालची. ९ जुलै, पहाटे ५:३१ असा मुहूर्त राजज्योतिषांनी काढला होता असं सांगतात: १-३-५-७-९-७-५-३-१, उलटसुलट सारखा. मुहूर्त बघणारे आपण एकटे नाही! आज पादचाऱ्यांचा असलेल्या या पुलावरून कधीकाळी ट्रॅमही जात होती. १८८३ पासून घोड्यांची, १९०५ पासून विजेची, १९०८ मध्ये ती बंद झाली. प्रागला घोड्यांची ट्रॅम १८७५ मध्ये आली, मुंबईत तिच्या आदल्याच वर्षी. मुंबईने आपली १९६४ मध्ये मोडीत काढली, प्रागने वाढवत नेली.

पूल बघायचा तर पुलावरून दिसत नाही, हेही खरंच. शेजारच्या मानेस पुलावरून किंवा लीजन पुलावरून बघा. लीजन पुलाच्या मध्यावरून जिना खाली स्त्रशेलेत्स्की बेटावर उतरतो. संध्याकाळी बसायला यासारखी जागा नाही.

नदीकाठाने चालायची चांगली वाट कोणती?

वीतोन्य थांब्यावर उतरा. रेल्वेच्या लोखंडी पुलापासून उत्तरेकडे खालच्या धक्क्याने (नाप्लाव्का) चालत राहा. शनिवारी सकाळी इथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. नाचतं घर, मग नाट्यगृह, मग चार्ल्स पूल: सुमारे दोन किलोमीटर, सगळं सपाट, रमत गमत पाऊण तास. दमलात तर डोक्यावरच १७ ची ट्रॅम आहे. नदीला पूर असला की खालचा धक्का बंद करतात. २००२ च्या ऑगस्टमध्ये पाणी मेट्रोत शिरलं होतं, त्यामुळे इथे ही गोष्ट हलक्यात घेत नाहीत.

दुसरी वाट संध्याकाळची. २२ ने क्रालोव्स्की लेतोह्रादेकला उतरा आणि खोतेक बागेतून लेत्ना उद्यानात जा. कड्यावरून एकामागे एक पूल दिसतात. भला मोठा लंबक हलतो ती जागा म्हणजे १९५५ ते १९६२ पर्यंत स्टालिनचा महाकाय पुतळा होता ती. लंबक १९९१ चा. तिथून पायऱ्या थेट नदीवर उतरतात.

पेत्रशीनच्या टेकडीवर कसं जायचं?

ऊयेज्द थांब्याजवळून केबलवर ओढली जाणारी रेल्वे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आली. निघायच्या दिवशी चालू आहे का ते बघा. नसली तर खालून चढत बसू नका. २२ ने पोहोर्झेलेत्सला जाऊन स्त्राहोववरून जवळजवळ सपाट वाटेने टेकडीवरच्या टेहळणी मनोऱ्यापर्यंत या आणि बागेतून ऊयेज्दला उतरा. मनोरा १८९१ चा, २९९ पायऱ्यांचा.

विमानतळावरून?

५९ क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्टेशनला आणते, तिथून हिरवी ‘अ’ मार्गिका. ९० मिनिटांचं तिकीट घ्या. स्टेशनचे सरकते जिने आपल्यापेक्षा वेगात चालतात, सामान हातात घट्ट धरा.

रात्री उशीर झाला तर?

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला थांबते. ट्रॅम थांबत नाही. ९१ ते ९९ क्रमांकाच्या रात्रीच्या गाड्या साधारण अर्ध्या तासाने धावतात आणि लाझार्स्का थांब्यावर सगळ्या एकत्र येतात, तिथे गाडी बदलायची. दिवसाचंच तिकीट चालतं. चुकलेली गाडी म्हणजे अर्धा तास थंडीत, म्हणून वेळ आधी बघून ठेवा.

पत्त्यावर दोन नंबर आहेत, कोणता खरा?

दोन्ही. लाल पाटीवरचा नंबर घराच्या नोंदणीचा, तो रस्त्याने क्रमाने येत नाही. निळ्या पाटीवरचा नंबर रस्त्यावरचा क्रम दाखवतो. घर शोधताना निळा बघा.

शाकाहारी माणसाने चालता चालता काय खावं?

मेन्यूवर ‘बेझ्मासा यीद्ला’ म्हणजे बिनमांसाचे पदार्थ हा भाग शोधा. तळलेलं चीज (स्माझेनी सीर) सगळीकडे मिळतं. बटाट्याच्या ब्राम्बोराकमध्ये अंडं असतं. सूप बिनमांसाचं दिसलं तरी पाणी हाडांच्या अर्काचं असू शकतं, ‘वीवार’ हा शब्द दिसला की समजा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली घरून आणा. स्वच्छतागृहांसाठी दहा-वीस कोरुनांची नाणी खिशात असू द्या.

पैसे कुठे बदलावेत?

शक्यतो बदलूच नका, कार्ड सगळीकडे चालतं. बदललेच आणि दर वाईट निघाला तर पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच दुकानात जा. एक हजार युरोंपर्यंतचा व्यवहार रद्द करून मागायचा हक्क २०१९ पासून कायद्याने दिला आहे. एटीएम ‘रुपयांत रूपांतर करू का’ असं विचारेल, तिथे नाही म्हणा. त्याचा दर बँकेपेक्षा महाग पडतो.

२२ मध्ये खिसेकापू असतात हे खरं का?

हो. मालोस्त्रान्स्के नामेस्तीला जिथे सगळे एकदम दाराकडे सरकतात, तिथे हात मारतात. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, फोन मागच्या खिशात ठेवू नका, आणि दारातल्या ढकलाढकलीत कोणी नकाशा उघडून रस्ता विचारला तर आधी पाकिटावर हात ठेवा, मग उत्तर द्या.